थॅक्स्टन गावाचं मत

बॉस्टन, १० जानेवारी १७८८

प्रिय तिरझाताई,

पोचलो एकदाचा. चार दिवस घोड्यावर बसून कंबरेचा काटा ढिला झालाय, आणि डाव्या पायाची बोटं माझीच आहेत का, अशी शंका येते. घरमालकिणीने परातभर गरम पाणी दिलं, त्यात पाय सोडून लिहितोय. शाई गोठते म्हणून दौतही परातीतच ठेवली आहे.

गावात कुणी विचारलं तर सांग, अधिवेशन काल सुरू झालं. तीनशेच्या वर माणसं जमली आहेत. वकील, पाद्री, जहाजवाले आणि आपल्यासारखे मातीत हात घालणारे. नवी राज्यघटना आपल्या मॅसॅच्युसेट्सने मान्य करायची की नाही, एवढा एकच प्रश्न. पण आधी एवढी माणसं बसवायची कुठे, यावरच डोकेफोड चालली आहे.

मी का आलो ते तुला ठाऊकच आहे. चर्चच्या डिकनचे गुडघे दुखत होते, मोठे पंच बिक्सबी यांची गाय व्यायला आली होती, उरला कोण, तर पिंपं बनवणारा असाहेल. ना बायको ना पोर, त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. कोटाच्या आतल्या खिशात गावसभेचा कागद आहे: ‘आमच्या प्रतिनिधीने या घटनेच्या विरोधात मत द्यावे.’ त्या ठरावाला मीही हात वर केला होता, म्हणून ओझं वाटत नाही. बसायचं, नाव पुकारलं की ‘नाही’ म्हणायचं आणि घरी यायचं.

बिछान्यात एक वाटेकरी मिळालाय, मेन भागातल्या किनाऱ्यावरचा पेलेग वीक्स. घोरतो असा की खिडकीची काच थरथरते. त्याच्या गावाने त्याला काहीच लिहून दिलेलं नाही. मला म्हणतो, “माझ्या गावाने मला डोकं देऊन पाठवलंय, तुझ्या गावाने नुसतं तोंड.” मी म्हटलं, “तोंड तरी दिसतंय बाबा, तुझं डोकं कुणी पाहिलंय?”

पिंपांसाठीच्या माझ्या ओल्या फळ्या विस्तवाजवळ ठेवू देऊ नकोस कुणाला, तडकतील.

तुझा असाहेल

* * *

थॅक्स्टन, १५ जानेवारी

असाहेल,

तुझं पत्र काल रूफस टपालवाल्याने आणलं. नेहमीप्रमाणे सगळ्या गावाची पत्रं माझ्या सराईतल्या चुलीवरच्या फळीवर पडली, आणि नेहमीप्रमाणे माझ्याआधी चौघांनी तुझं पत्र उलटंपालटं करून पाहिलं. पेलेगचा भाग मी मोठ्याने वाचून दाखवला. तुझ्या पायाच्या बोटांचा नाही वाचला, नाहीतर डिकन लगेच औषध सांगायला बसले असते.

एक सांगते. शहरातली माणसं आधी जेवायला बोलावतात आणि मग पटवायला लागतात. तुला कॉड मासा आवडतो हे त्यांना कळू देऊ नकोस.

छापलेली घटना कुणीतरी इथे बाकावर विसरून गेलं होतं. मी दोनदा वाचली. प्रतिनिधी दोन वर्षांनी एकदा निवडायचे म्हणे. आपल्याकडे दरवर्षी निवडतो, आणि एका वर्षात माणूस किती बिघडतो ते आपण पाहिलंय. सैन्य ठेवायचा हक्क त्यांचा, कर बसवायचा हक्कही त्यांचाच. मग आपल्याकडे काय उरलं?

येत्या तेरा फेब्रुवारीला जोथमला जाऊन वर्ष होईल. माझा नवरा काही दरोडेखोर नव्हता. शेजाऱ्यांची जमीन लिलावात काढणारं कोर्ट बंद पाडायला तो चौघांबरोबर गेला, आणि सरकारने त्याच्यामागे तोफा लावल्या. बर्फातून पळत आला तेव्हा पावलं काळी पडली होती. नऊ दिवस मागच्या खोलीत होता. तू त्याचा हात धरून बसला होतास, म्हणून तुला जास्त सांगायला नको. एवढंच म्हणते की ज्यांनी त्या तोफा पाठवल्या तेच आता आणखी मोठं सरकार मागताहेत.

फळ्या ठीक आहेत. मांजर त्यांच्यावर झोपतं.

तुझी तिरझा

* * *

बॉस्टन, २२ जानेवारी

प्रिय ताई,

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस.

मी फार थकलोय. रोज सकाळपासून कलमामागून कलम, भाषणामागून भाषण. चर्चमध्ये बसतो, शेगडी नाही, लोक खोकतात आणि एकमेकांना चोर म्हणतात. पहिले आठ दिवस मी माझं ‘नाही’ मुठीत धरून बसलो होतो. आता मूठ सैल झाली आहे.

एक मास्तर आहेत, पूर्वेकडच्या गावचे, हडकुळे. परवा आमच्यातला एकजण ओरडला, सत्ता हातात आली की देवमाणूसही बिघडतो. मास्तर उठून म्हणाले, “आम्हीही दुसरं काय म्हणतोय? हा कागद तेच धरून लिहिलाय. कायदा करणारा वेगळा, राबवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा, आणि तिघांचा एकमेकांवर डोळा. माणूस चांगला निघेल या भरवशावर यात एक ओळही नाही.” मला वाटलं होतं ही गोडगोड बोलणारी माणसं असतील. पण यांचा तर माझ्याइतकाच कुणावर विश्वास नाही.

संध्याकाळी पेलेगला मी माझ्या भाषेत सांगितलं. पिंपाला खिळा नसतो, सरस नसतो. प्रत्येक फळी शेजारणीला रेटत असते, आणि त्या रेटण्यामुळेच आतलं सफरचंदाचं सायडर बाहेर येत नाही. पेलेग म्हणाला, “मग भाषण कर की उद्या.” मी म्हटलं, “भाषण करायला मला पाठवलेलं नाही.”

सगळं पटलं असं नाही. लोकांचे हक्क कुठे लिहिलेलेच नाहीत, पण पुढे दुरुस्त्या करून घेण्याची अट जोडणार असं कानावर येतंय. आणि दक्षिणेकडच्यांना आणखी वीस वर्षं माणसं विकत आणायची मुभा आहे. ते कलम वाचलं गेलं तेव्हा मी मान खाली घालून बसलो.

जोथम रोज आठवतो. ताई, राग येईल तुला, पण लिहितो. त्याच्यामागे तोफा लावणाऱ्यांना अडवणारं कुणी नव्हतं. आणि आमची माणसं कोर्टाच्या दारात बंदुका घेऊन उभी राहिली तेव्हा त्यांनाही अडवणारं कुणी नव्हतं. दोन्हीकडे मला माणसं सारखीच दिसतात.

गावच्या एनोस कारकुनाला मी वेगळं पत्र पाठवलंय. गावाने पुन्हा सभा घ्यावी आणि मला मोकळं करावं. ‘हो’ म्हणायची परवानगी मागत नाही मी. ऐकून, विचार करून माझ्या बुद्धीने मत द्यायची मागतोय. गाव नको म्हणालं तर मी ‘नाही’च म्हणेन. पेलेग म्हणतो, विचारतोस कशाला, दे ठोकून ‘हो’. पण मग थॅक्स्टनच्या सत्तर-ऐंशी माणसांची सत्ता मी एकट्याने खिशात घातली असं होईल. तेच तर नको म्हणून आपण इंग्लंडशी आठ वर्षं लढलो.

मतदान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होईल. गावाचं उत्तर पाच तारखेपर्यंत हातात पडायला हवं.

तुझा असाहेल

* * *

थॅक्स्टन, शनिवार, २ फेब्रुवारी

असाहेल,

घाईत लिहितेय. रूफस खोगीर आवळतोय. उद्या रविवार, देवाच्या दिवशी रस्त्यावर घोडा दिसला तर त्याला दंड होईल, म्हणून आजच निघून जमेल तितकं अंतर काटायचंय त्याला.

सभा काल झाली. प्रार्थनाघरात तीन तास भांडत होते, इथे चुलीपाशी बसून मला आवाज ऐकू येत होता. तुझं पत्र एनोसने वाचलं. बिक्सबी तुझ्या बाजूने बोलले, डिकन विरुद्ध. नंतर सगळे इकडे आले आणि सायडर संपवून गेले.

गावाने तुला काय सांगून पाठवलं ते तुझ्या खिशात आहे. दिलेला शब्द न मोडणारा मुलगा म्हणून आई तुझं नाव घ्यायची.

लोकरीचे मोजे पाठवतेय. पाय कोरडे ठेव.

तिरझा

* * *

बॉस्टन, ७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

संपलं. काल मतदान झालं. एकशे सत्त्याऐंशी ‘हो’, एकशे अडुसष्ट ‘नाही’. त्या एकशे अडुसष्टांत एक मी.

दुरुस्त्यांची शिफारस जोडली आहे. जे अधिकार स्पष्ट लिहून दिलेले नाहीत ते राज्यांकडेच राहतील, ही त्यातली पहिली. ती वाचून दाखवली तेव्हाच माझी उरलीसुरली शंका फिटली होती. गेल्या आठवड्यापासून मी रोज दुपारी, पश्चिमेकडचे स्वार जिथे उतरतात त्या सराईत जाऊन उभा राहायचो. मंगळवारी रूफसची थैली आली, त्यात तुझं पत्र आणि मोजे. दुसरं काही आहे का म्हणून मी थैली उलटी करून झटकायला लावली. तिथला माणूस म्हणाला, “काका, काय हरवलंय? हुंडी आहे का कुणाची?” मी म्हटलं, माझ्या गावाचं तोंड. त्याला वाटलं मी प्यालोय.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. गावाने मोकळं केलं असतं तर तू लिहिलंच असतंस. डिकनची बाजू जिंकली असं समजलो.

नावं पुकारताना आमच्या जिल्ह्याची पाळी आली. “असाहेल टिल्सन, थॅक्स्टन.” मी उभा राहिलो. माझ्या मनात एक होतं आणि तोंडातून दुसरं बाहेर पडलं, तेही स्वच्छ, खणखणीत. पेलेग माझ्याकडे बघत राहिला. खाली बसलो आणि रडू आलं. रुमाल काढून शिंकल्यासारखं केलं.

नंतर एक चांगली गोष्ट झाली. हरलेल्यांपैकी बरेच जण उठून म्हणाले, आमचं म्हणणं ऐकून घेतलं, मोजून हरलो, आता घरी जाऊन लोकांना हेच मान्य करायला सांगू. मीही तेच म्हणालो. तोफा, घंटा, सगळं शहर रस्त्यावर आहे. मला मात्र झोपायचंय.

एका गोष्टीचं समाधान आहे. गावाने मला तोंड म्हणून पाठवलं होतं, ते मी चोख पोचवलं. मला पटलं नाही तरी पोचवलं. माझं नाव कुणी घेणार नाही, पण थॅक्स्टनचा शब्द फिरला असंही कुणी म्हणणार नाही.

तुझा असाहेल

* * *

थॅक्स्टन, १२ फेब्रुवारी

असाहेल,

बसून वाच.

गावाने तुला मोकळं केलं होतं. एक तारखेच्या सभेत एक्केचाळीस विरुद्ध छत्तीस. ‘आमच्या प्रतिनिधीने सर्वांचे ऐकावे, विचार करावा आणि त्याच्या विवेकाला पटेल तसे मत द्यावे.’ एनोसने तिथेच लिहिलं, लाख लावली आणि माझ्या चुलीवरच्या फळीवर आणून ठेवलं. सकाळी रूफसच्या थैलीत मी एकेक पत्र घालत होते. ते तेवढं हातात राहिलं. राहिलं असं लिहिलं तेही खोटंच. मी ते ठेवून घेतलं. अजून पिठाच्या डब्यात आहे.

मी तुला जे लिहिलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी पुन:पुन्हा वाचून ठरवलं होतं. म्हणून तर जास्त लाज वाटते.

का केलं ते सांगते, माफी मागायला नाही. ज्यांनी जोथमला बर्फात पळवलं त्यांच्या बाजूने माझ्या भावाचा आवाज निघालेला मला ऐकायचा नव्हता. तू मागच्या खोलीत नऊ दिवस त्याचा हात धरून बसलास आणि नंतर मला लिहिलंस की दोन्हीकडची माणसं सारखीच दिसतात. ती ओळ वाचून मी चुलीत लाकूड घालायचं विसरले.

आणि दुसरं. ही जमीन माझी, सराई माझी, त्यांचा कर मी भरते. एक तारखेला सत्त्याहत्तर पुरुष प्रार्थनाघरात हात वर करत होते आणि मी त्यांच्यासाठी सायडर गरम करत होते. घटनेत मला मोजलंय, बरं का. कुठल्या राज्याला किती प्रतिनिधी हे ठरवताना बाईला अख्खी मोजतात, गुलामाला पाचातले तीन भाग. विचारत आम्हा दोघांनाही नाहीत. त्या सकाळी सगळ्या गावाचं मत माझ्या हातात होतं, आणि मला वाटलं, एकदा, एकदाच.

आता ऐक काय झालंय. तू ‘नाही’ म्हणालास हे काल कळलं. लोक समजतात तुला पत्र मिळालं आणि तरी तू हट्टाने ‘नाही’ म्हणालास. “दोरी सोडली तरी बैल खुंट्यालाच,” असं बिक्सबी सगळ्यांसमोर म्हणाले. आपणच पत्र लिहून सभा घ्यायला लावली आणि आपणच फिरला, थंडीत तीन तास उगाच बसवलं, असं चाललंय. मार्चच्या सभेत तुला गावातली वजनं-मापं तपासण्याच्या कामावरून काढणार म्हणतात. अठरा वर्षं केलंस ते काम.

मी खरं सांगितलं तर सराईचा परवाना जाईल. पंचांनी शिफारस केली नाही तर कोर्ट देत नाही. मग मी काय करेन मला माहीत नाही. तू सांगशील तसं करते.

तिरझा

* * *

वुस्टर, १९ फेब्रुवारी

तिरझा,

तुझं पत्र बॉस्टनहून फिरून इथे आलं. मी चुलतभावाच्या घरी पडून आहे. घरी येताना वाटेत बर्फावर घोडा घसरला, पाय सुजून भोपळा झालाय, महिनाभर हलायचं नाही असं वैद्याचं म्हणणं.

तीन दिवस तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नंतर पानभर लिहिलं आणि ते फाडलं, कारण त्यात मी जोथमबद्दल असं काही लिहिलं होतं जे मला खरं वाटत नाही.

मी रागावलोय. इतका रागावलोय की चुलतवहिनी माझं ताट दारातूनच सरकवते. रोज दुपारी त्या सराईत उभा राहायचो ते आठवतं आणि अंग तापतं. त्या माणसाने थैली झटकून दाखवली होती गं.

महिनाभर आम्ही काय बोलत होतो सांगू? राष्ट्राध्यक्ष माजला तर कोण अडवेल, न्यायाधीश विकला गेला तर काय, सेनापती घरी गेला नाही तर काय. तीनशे साठ माणसांना एकदाही सुचलं नाही की डोंगरातल्या एका सराईत चुलीवर एक फळी असते आणि तिच्यावर कुणाचाच पहारा नसतो. तू वाईट नाहीस. तू वाईट असतीस तर मला हे सोपं गेलं असतं. आपल्या दुःखात तुला तू बरोबरच वाटलीस, आणि त्या मास्तरांनी अगदी अशाच माणसाबद्दल सांगितलं होतं.

तुझं दुसरं कारण मी जास्त वेळा वाचलं. ‘आम्ही लोक’ म्हणून तो कागद सुरू होतो, आणि मी महिनाभरात एकदाही विचारलं नाही की त्यात तू आहेस का. मी आपला सत्तर-ऐंशी माणसांचं तोंड म्हणून फिरत होतो.

तू विचारतेस काय करू. मी सांगणार नाही. तू गप्प बसलीस तर मी मरेपर्यंत गप्प बसेन, मापं तपासायला दुसरा कुणी येऊ दे, हट्टी म्हणू देत. एकदा माझ्या तोंडाने तू बोललीस, आता तुझ्या तोंडाने मी बोलणार नाही.

असाहेल

* * *

थॅक्स्टन, ४ मार्च

असाहेल,

पाय कसा आहे?

काल मार्चची सभा झाली. मी गेले होते. पिठाच्या डब्यातलं पत्र आणि मी लिहिलेला एक कागद घेऊन प्रार्थनाघराच्या दारात उभी राहिले. सभापती बिक्सबीच होते. म्हणाले, “तिरझा, सायडर नंतर.” मी म्हटलं, “मला सभेत बोलायचंय.” मग बाईला बोलू द्यावं का यावर अर्धा तास गेला. मत घेतलं. नाही. तेव्हा एनोस बिचारा म्हणाला, कागद तर वाचता येईल, कागद काही बाई नाही. त्यावर कुणाचा आक्षेप निघाला नाही.

एनोसने सगळं वाचलं. तुला लिहिलं होतं तेच, थोडक्यात. माझं नाव, माझी सही. परवाना गेलाच असं धरूनच मी गेले होते. शिव्या ऐकायची तयारी होती, कोर्टाची होती. एक सांगू का, थोडं हलकंही वाटत होतं. आता हे लोक माझ्यावर चिडतील, माझ्याशी भांडतील, असं वाटत होतं.

बिक्सबी उठले. म्हणाले, “शेजारच्या गावांना कळलं की थॅक्स्टनचं मत एका बाईने पिठात ठेवलं होतं, तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.” डिकन म्हणाले, “विधवा आहे, नवऱ्याला जाऊन नुकतंच वर्ष झालं, मन ठिकाणावर नसतं.” मग ठराव झाला आणि गावाच्या वहीत नोंद झाली. एनोसकडून मी ती उतरवून घेतली आहे: ‘जोराच्या बर्फामुळे गावाचे पत्र प्रतिनिधीस वेळेवर पोचू शकले नाही. प्रतिनिधीने मूळ सूचनेप्रमाणे मत दिले, त्याबद्दल त्याच्याकडे दोष नाही.’ रूफस उभा राहून ओरडला, बर्फ कसला, रस्ता लख्ख होता, मी वेळेत पोचलो! त्याला खाली बसवलं.

तुझं काम तुझ्याकडेच राहिलं. एकमताने. ती बातमी आधी द्यायला हवी होती.

सभा सुटल्यावर बिक्सबींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “होतं असं दुःखात. जा, चूल बघ.” परवान्याला हात लावला नाही. पत्रं अजूनही माझ्याच फळीवर ठेवतात. काल संध्याकाळी स्वतः बिक्सबी आपलं पत्र ठेवून गेले, माझ्याकडे न बघता.

मी गुन्हा केला, असाहेल. मला ठाऊक आहे तो गुन्हा होता. तू पेटून उठलास, पानं फाडलीस, ते वाचून मला फार वाईट वाटलं, पण तू माझ्याशी भांडत होतास. यांनी मला माफही केलं नाही. वहीत माझ्या जागी बर्फ लिहिला. मी दमले रे.

तिरझा

* * *

वुस्टर, ८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो. रूफससाठी हसलो. मग ती बर्फाची नोंद पुन्हा वाचली. माझा राग गेला असं नाही, पण आता तो तुझ्या बाजूला उभा आहे.

पाय जमिनीला टेकतो. गुरुवारी बर्फगाडीतून निघेन.

मी एक करायचं ठरवलंय, पण तुझ्याशिवाय करणार नाही. दहा मतदारांनी सही केली तर कुठलाही विषय पुढच्या गावसभेपुढे आणावाच लागतो, पंचांना नाही म्हणता येत नाही. मला मे महिन्याच्या सभेत ती नोंद दुरुस्त करून घ्यायची आहे. बर्फ खोडायचा आणि जे झालं ते लिहायचं. पहिली सही माझी. उरलेल्या नऊंसाठी दारोदार फिरेन. चौघे मिळतील असं वाटतं, पाच जण शिव्या देऊन सही करतील.

याची किंमत तुला मोजावी लागेल. आज तुला कुणी हात लावत नाही, कारण काही झालंच नाही असं ठरलंय. खरं लिहिलं गेलं तर परवाना जाऊ शकतो, बहुतेक जाईलच. माझ्या घरात दोन खोल्या आहेत आणि पिंपांचा वास आहे, त्या तुझ्या आहेत, पण सराई ती सराई. तू नको म्हणालीस तर मी समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

महिनाभर मी ऐकलं की ज्याच्यावर राज्य करायचं त्याची संमती लागते. म्हणून विचारतो. तुझी संमती आहे का? आठवडाभर विचार कर. तुझं उत्तर येईपर्यंत मी कागदाला हात लावणार नाही.

तुझा असाहेल

* * *

थॅक्स्टन, १५ मार्च

असाहेल,

तू परवा येशील आणि समोरासमोर विचारशीलच, पण मला हे लिहूनच द्यायचं होतं. म्हणून रूफसला वाटेत तुला गाठायला सांगितलंय. नऊ सह्यांत त्याची पहिली धर, तो बर्फावर अजून चिडलेला आहे.

परवान्याची मला भीती वाटते. तुझं पत्र आल्यापासून तीच वाटतेय. पंचावन्नाव्या वर्षी भावाच्या घरी पिंपांच्या वासात राहायचं, हा विचार काही गोड नाही, तुला राग आला तरी. सराई गेली तर मी रडेन आणि तुला ऐकवेनही.

माझं उत्तर ‘होय’ आहे.

नोंदीत ‘जोथम बार्डवेलची विधवा’ असं लिहू देऊ नकोस. माझं नाव लिही. तिने गावाचं पत्र जाणूनबुजून थांबवलं, कारण तिला घटनेविरुद्ध मत द्यायचं होतं आणि द्यायला दुसरी जागा नव्हती, हे लिही. वाईट केलं, हेही लिही. तेवढं सगळं असेल तर मी खाली सही करते.

तिरझा बार्डवेल